कूलंटवरची साय

झिरोमास्तरांनी उभा पंखा फरफटत आणला, त्याचं तोंड थोरलीच्या डाव्या अंगाला वळवलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. पाती आधी कुरकुरली, मग त्यांनी वारा धरला. मास्तरांनी पत्र्यावर तळहात ठेवला. अजून कोमट. ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाइतका.

"हो गं लवकर गार," ते म्हणाले.

थोरली म्हणजे या कारखान्यात आलेलं पहिलं संगणकावर चालणारं लेथ. तिच्यामागून आलेल्या दोघींना मधली आणि धाकटी म्हणत. त्या दोघी केव्हाच नव्या शेडमध्ये गेल्या होत्या. त्यांच्या जागी फरशीवर दोन स्वच्छ चौकोन आणि बोल्टची भोकं उरली होती. थोरलीला नव्या शेडमध्ये जागा नव्हती म्हणे. एवढ्या अवाढव्य शेडमध्ये हिच्यापुरती जागा नव्हती! भंगारवाला तिला बघूनही गेला होता. कलिंगड बघतात तसं त्याने तिच्या अंगावर टकटक केलं आणि गॅस कटर कुठून लावायचा ते खडूने आखून ठेवलं. आज आल्याबरोबर मास्तरांनी पहिलं काम केलं ते ती पांढरी रेघ ओल्या फडक्याने पुसण्याचं.

आज गिऱ्हाईक येणार होतं. त्याने घेतली तर थोरली जगणार, नाही घेतली तर तिचे तुकडे होणार. यात तिसरी वाट नव्हती.

धाकटे मालक फोनवर एवढंच म्हणाले होते, "मास्तर, तुम्ही निवृत्त झालात हे मान्य, पण जरा येऊन मशीन चालवून दाखवा. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही." दहाच्या सुमाराला या म्हणाले होते. मास्तर उजाडायच्या आत हजर. वॉचमनने दार उघडताना जांभई देत विचारलं, "काय मास्तर, सवय सुटली नाही वाटतं?" मास्तर तसेच आत शिरले. चोरी करायला आलेला माणूस वॉचमनशी गप्पा मारत नाही.

कारण ती चोरीच होती. दोन तास त्यांनी थोरलीला रिकामीच पळवली होती. आधी हळू, मग वेगात, कूलंटची, म्हणजे कापताना लोखंड गार ठेवणाऱ्या दुधट पाण्याची धार सोडून, कापणारं टूल इकडून तिकडे नाचवत. मग बंद करून तिचं अंग पुसलं, ठिबकलेले थेंब टिपले, दार लावलं. आत लोखंड गरम आणि वरून पत्रा गार, असं झालं पाहिजे होतं. त्यासाठी पंखा.

थोरलीला एक दुखणं होतं. रात्रभर थंड पडलेली असली की सकाळच्या पहिल्या तासात तिच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसे. पहिला जॉब, म्हणजे कातून काढलेला तुकडा, मापात यायचा, पुढचा किंचित बारीक, त्याच्या पुढचा आणखी बारीक. आतला स्क्रू तापायचा, लांबायचा, आणि टूल नकळत पुढे सरकायचं. केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. पण या धंद्यात तेवढ्यावर मालाची अख्खी गाडी परत येते. तापून झाली की मात्र थोरली दिवसभर हलायची नाही. सगळीच मशिनं थोडीफार अशी असतात. थोरली जरा जास्त होती.

हे कुणाला माहीत नव्हतं. कारखान्यात सगळे म्हणायचे, थोरलीसारखं मशीन होणे नाही. थोरले मालक हयात असताना पाहुण्यांना तिच्यासमोर आणून उभे करायचे. "पहिला जॉब बघा, शेवटचा बघा!" मास्तर बाजूला हात पुसत उभे असायचे. पहिली पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी येऊन त्यांनी तिला तापवून ठेवलेलं असायचं. वीसेक वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मास्तरांना ते तसंच आवडायचं.

आज सकाळी घरातून निघताना तरी कुणाला कळू नये असं त्यांच्या मनात होतं. अंधारातच उठले, चप्पल हातात घेतली. पण स्वयंपाकघरात दिवा होता आणि ओट्यावर चहाचा कप वाफा सोडत होता.

"निघालात तिला उठवायला?" बायको म्हणाली. "मला वाटलं होतं, वर्षापूर्वी काडीमोड झाला तुमचा."

"आज शेवटचं."

"शेवटचं हे मी मधली आली तेव्हापासून ऐकतेय. चहा घ्या, साय धरेल."

त्यांनी चहा संपवला नाही. कधीच संपवलेला नव्हता. दोन घोट उभ्याउभ्या, कप तसाच, आणि माणूस रस्त्यावर. संध्याकाळी घरी आले की ती म्हणायची, "तुमच्या सकाळच्या चहाला इतकी जाड साय आली होती की फाटली नाही."

पत्रा गार झाला. मास्तरांनी पंखा पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याची वायर गुंडाळली. मग थोरलीच्या पडद्याकडे बघत उलट्या पेटीवर बसले.

हिरव्या अक्षरांचा तो पडदा पहिल्यांदा पेटला तेव्हा शेडमध्ये माणसं गोल करून उभी होती. कंपनीचा टायवाला माणूस दोन-चार दिवस शिकवून निघून गेला. त्या वेळी मास्तर हाताने चालवायच्या लेथवर होते. हँडल फिरवून फिरवून तळहाताला घट्टे पडलेले. सगळ्यांनी त्यांनाच पुढे ढकललं. घट्टेवाल्यांनी नंतर टोमणेही मारले. "आता काय, बटणदाब्या! पगार बोटांचा का हाताचा?" सासुरवाडीला गेले तर मेहुणा म्हणाला, "दाजी, म्हणजे टीव्ही लावल्यासारखंच ना?" मास्तरांनी तेव्हा ताटावरून उठून जायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

बटण! टूल कुठे आहे हे मशीनला ठाऊक नसतं. ते तिला माणसाने सांगायचं असतं. शून्य कुठे, ते आधी माणसाने ठरवायचं, मग बाकीचे सगळे आकडे. मास्तर जॉब आणि टूल यांच्यामध्ये पातळ कागदाचा कपटा धरायचे आणि टूल मुंगीच्या पावलाने पुढे आणायचे. कागद मोकळा सरकतोय, सरकतोय, आणि मग एका क्षणी तो बोटांना किंचित ओढून धरतो. कुणी बाही धरावी तसा. तिथे शून्य. दुसरे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, कागद फाडायचे किंवा मोकळा सोडायचे. मास्तरांचा कपटा दिवसभर तोच चालायचा. म्हणून झिरोमास्तर. थोरलीचं लाकडी खोकं फोडलं त्याच्या फळ्या त्यांनी घरी नेल्या होत्या आणि स्वयंपाकघरात त्यांचं फडताळ केलं होतं. चहासाखरेचे डबे अजून त्याच फळीवर असतात. फळीवर काळ्या शाईत बाण आहे, वरची बाजू दाखवणारा. बायकोने तो उलटा येईल अशी फळी मुद्दाम बसवून घेतली. म्हणाली, "घरात तरी तिचं उलटं असू दे."

गाडीचा आवाज आला. धाकटे मालक आले. त्यांच्या मागे एक चाळिशीची बाई, निळा कामाचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, बगलेत मायक्रोमीटरची लाकडी पेटी. आणि तिच्या मागे तिचा भाऊ, पोट पुढे, किल्ल्या बोटात फिरवत. दोघांचा मिळून छोटासा कारखाना होता. भाऊ गिऱ्हाईकं सांभाळायचा, बहीण मशिनं.

"हे आमचे मास्तर," धाकटे मालक म्हणाले. "मी हाफ चड्डीत असल्यापासून यांनी मला या मशीनपासून लांब ठेवलंय."

"हात पसरून यायचात तुम्ही," मास्तर म्हणाले. "वाचले ते हात."

भाऊ हसला. बाई हसली नाही. ती थोरलीभोवती फिरू लागली होती. दार सरकवलं, आत वाकून वास घेतला. जॉब पकडणारा चक हाताने फिरवला आणि कान दिला. मग तळहात डाव्या अंगाच्या पत्र्यावर ठेवला, जिथे मास्तरांनी ठेवला होता अगदी तिथे. तिने हात काढला. पत्रा गार होता.

"किती दिवस बंद आहे म्हणालात?"

"झाला की पंधरवडा," धाकटे मालक म्हणाले. "कुणी हात लावलेला नाही."

बाई मागच्या बाजूला गेली. गुडघे मोडून खाली बसली आणि कूलंटच्या टाकीवरची जाळी उचलली. आत बघत राहिली. बराच वेळ. मास्तरांच्या लक्षात आलं.

टाकी.

मशीन बंद पडून राहिलं की घसरपट्टीचं तेल कूलंटवर तरंगून येतं आणि जाड, तपकिरी साय धरतं. पंधरवड्याची साय म्हणजे बोटाने उचलावी अशी. आणि या टाकीत कूलंट दुधासारखं पांढरं, घुसळलेलं, वर तेलाचे सुटे ठिपके. अंग पुसलं, थेंब टिपले, पंखा लावला, आणि रोज जिच्यावरची साय स्वतःच्या हाताने काढायची ती टाकी विसरले. नवशिक्यानेही टाकी आधी बघितली असती. ही घोडचूक जुन्या सेटरचीच.

बाई उठली. मास्तरांकडे बघितलं. तिने ते सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, तो तिचा हक्क होता. ती हळूच म्हणाली,

"काका, साय कुठंय?"

"कसली साय?" धाकट्या मालकांनी विचारलं.

मास्तरांनी खिशातून फडकं काढलं आणि कोरडेच असलेले हात पुसायला घेतले.

"काही नाही," बाई म्हणाली. "मशीन जरा थंड होऊ द्या. मग बघते."

"अहो, थंडच आहे की ती! आता हात लावलात ना?"

"आम्हाला घाई नाही."

"हिचं असंच," भाऊ म्हणाला. "घर घेताना ही बया सगळ्या भिंतींना कान लावत हिंडली. घरमालकाला वाटलं, आमच्या घरात वेडाचा आजार आहे."

"होता का?" धाकटे मालक म्हणाले.

"भिंतीत पाणी होतं!"

धाकट्या मालकांना दुसरीकडे जायचं होतं. ते भावालाही नवी शेड दाखवायला घेऊन गेले. शेडमध्ये थोरली उरली, मास्तर उरले आणि ती बाई. तिने दुसरी पेटी ओढली आणि बसली. वॉचमनने चहा आणून दिला. पत्र्याच्या छपरावर ऊन चढत होतं, मधूनच पत्रा टण्णकन वाजत होता.

"बोला की," मास्तर म्हणाले. "चोर म्हणा. ऐकून घेतो."

"चोर पत्रा गार करत बसत नाही. किती तापवलीत?"

"दोन तास."

"मी घेतली असती, आणि पहिल्याच सकाळी माझ्या पेटीभर बुशा, कातलेल्या नळ्या, वाया गेल्या असत्या. मग काय केलं असतं तुम्ही?"

"मला काय माहीत? मी इकडे असतो, ती तिकडे असती. जिवंत असती!" मास्तरांचा आवाज चढला. "तो भंगारवाला खडूने रेघ मारून गेलाय, ताई. कापायची म्हणे. अंगाला टिचकी मारून बघितली त्याने. या शेडमधल्या अर्ध्या माणसांची घरं हिने उभी केली, हिच्यावर पोरांची शिक्षणं झाली, कुणाकुणाची लग्नं. आणि कुणी साधं विचारत नाही, की बाई गं, तुला काय होतंय? नवीन आलं की जुनं कापा. माणसाला पण कापलं असतं, वजनात भाव येत असता तर!"

बाई चहा पीत राहिली. मग म्हणाली,

"मी आधी मशीनवर नव्हते. तपासणीला होते. दुसऱ्यांचे जॉब नाकारायचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाही, नाही, नाही. घरी जाऊन नवऱ्याला पण भाजी मापात नाही म्हणायची. शेवटी कंटाळले. म्हटलं, इतकं नाकारतोय तर एकदा करून तरी बघू."

"मग?"

"तुमच्याकडच्या बुशा यायच्या आमच्या टेबलावर. पेटी उघडायची, कुठलीही काढायची, एकच माप. पहिली कुठली, शेवटची कुठली, ओळखू यायचं नाही. सगळ्यांच्या पेट्यांमध्ये सकाळचा माल वेगळा कळतो. तुमच्यात सकाळच नसायची. मला वाटायचं, हे लोक पहिले दहा जॉब फेकून देत असणार."

मास्तरांनी कप खाली ठेवला. आपल्या कामाबद्दल इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. मशीन चांगलं आहे, माल चांगला आहे. "तुमच्यात सकाळच नसायची" हे कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हणून आले मी हे मशीन घ्यायला," ती म्हणाली. "आता बघायचं, मला पाहिजे होतं ते मशीन होतं का माणूस."

खरं म्हणजे मास्तरांनी कालच चौकशी करून ठेवली होती, यांचा कारखाना कुठे, कुठली बस जाते, पहिली किती वाजता सुटते. कशासाठी, हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"किती आधी यायचात?"

"तासभर. कधी जास्तच. थंडीच्या दिवसांत तिला वेळ लागतो."

"म्हणजे घरून कितीला निघायचात?"

"अंधार असायचा."

"उठवायचं कोण?"

"उठवायचं कोण म्हणजे? घरात उठायची ती. चहा तयार असायचा."

"वीस वर्षं?"

"असेल."

बाईने रिकामा कप पालथा घातला आणि टाकीशी जाऊन वाकून बघितलं. तेलाचे ठिपके एकमेकांना चिकटू लागले होते. कडेने बारीक तपकिरी काठ धरला होता.

दुपार कलायला लागली तेव्हा टाकीवर पातळ पण सलग पडदा आला. धाकटे मालक आणि भाऊ परतले. बाईने पेटी उघडून मायक्रोमीटर काढला, चिंधीवर ठेवला आणि म्हणाली, "काका, झिरो तुम्ही लावा."

मास्तरांनी पाकिटातून कागदाचा कपटा काढला. वर्षभर पाकिटातच होता. टूल पुढे आणलं. कागद सरकत होता, सरकत होता, आणि मग थोरलीने बाही धरली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच, आणि आकडा भरला.

पहिली बुश. बाईने मापली आणि चिंधीवर ठेवली. चोख. धाकटे मालक खूश झाले. दुसरी. बाईने मापली, शेजारी ठेवली. तिसरी. मास्तरांना तिच्या बोटांवरूनच कळत होतं. मायक्रोमीटर प्रत्येक वेळी तिला थोडा जास्त मिटावा लागत होता. चौथीनंतर त्यांचा हात आपोआप बटणांकडे गेला. दोनच आकडे बदलायचे होते. कुठल्याही सेटरने बदलले असते तसे.

"हात नका लावू," बाई म्हणाली.

हात मागे आला. असं त्यांना त्या मशीनवर कुणी म्हटलं नव्हतं. थोरल्या मालकांनीसुद्धा नाही.

चिंधीवर बुशांची ओळ लांबत गेली. डोळ्यांना सगळ्या सारख्या. पण मास्तरांना ती ओळ बघवेना. कुणी आपल्या घरातल्या माणसाचं आजारपण चव्हाट्यावर मांडावं, एकेक लक्षण वाचून दाखवावं, तसं वाटत होतं. भाऊसुद्धा किल्ल्या फिरवायचा थांबला होता.

"हे काय?" धाकट्या मालकांनी मायक्रोमीटरवरचा आकडा वाचला. "बिघडली का? पूर्वी हिचं असं कधीच नव्हतं."

"असंच होतं," मास्तर म्हणाले.

"काहीतरी काय मास्तर. बाबा म्हणायचे..."

"बाबांच्या वेळीही असंच होतं. मी लवकर येत होतो."

धाकटे मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग बुशांच्या ओळीकडे. लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट त्यांच्या मनात नव्याने जुळत असावी. ते नुसतं "अच्छा" म्हणाले. मग जरा वेळाने, "रोज?"

"रोज."

बाई मापतच होती. आणखी एक. आणखी एक. मग तिने सलग तीन मापल्या आणि मायक्रोमीटर पेटीत ठेवला.

"थांबली," ती म्हणाली. "आता हलत नाही. एकाच बाजूला जाते आणि एका जागी येऊन थांबते. फसवत नाही. वेळ लागतो, एवढंच."

"मग?" भावाने विचारलं.

"घेऊ."

मास्तरांनी थोरलीच्या दाराची मूठ धरली होती, ती सोडली. बोटांवर मुठीचा वळ उठला होता. भंगारवाल्याची रेघ जिथे होती तिथे त्यांनी उगाच फडकं फिरवलं. मग घसा खाकरून म्हणाले,

"ताई, पण सकाळी हिला तापवणार कोण?"

प्रश्न विचारताना त्यांना पहिल्या बसची वेळ आठवत होती.

"टायमर बसवीन," बाई म्हणाली. "ताडून बघितलं मी. हिच्या वायरिंगला बसेल. पहाटे आपली आपण चालू होईल, पळेल, तापून बसेल. आम्ही चहा पिऊन निवांत येऊ."

भाऊ म्हणाला, "देवा, मी घाबरलो होतो! मला वाटलं, आता मला उठवणार."

सगळे हसले. मास्तरही हसले. हसणं चेहऱ्यावर बेतशीर ठेवायला त्यांना कष्ट पडले.

टायमर मास्तरांना माहीत नव्हता असं नाही. मधली आली तेव्हाच विकणाऱ्याने सांगितलं होतं, तिघींना बसवून देतो. थोरल्या मालकांनी विचारलं, "काय मास्तर, बसवायचा का?" मास्तर म्हणाले होते, "माणूस हजर नसताना मशीन चालू झालेलं बरं नाही. आग लागते." मालकांनी मान डोलावली. विषय संपला. चिमुकली डबी होती ती.

निघताना बाई दारापाशी थांबली.

"काका, काकूंना सांगा, मशीन चांगल्या घरी दिलं म्हणून."

"त्यांना कसलं सुख-दुःख त्याचं," मास्तर म्हणाले.

ती मायक्रोमीटरची पेटी बगलेत घट्ट धरून गाडीत बसली.

घरी बायकोने विचारलं, "गेली का सवत?"

"गेली."

"कुणी नेली?"

"बाई आहे एक. सेटर."

"बरं झालं. बाईचं दुखणं बाईला कळेल." तिने ताट वाढलं. मग पाठमोरीच म्हणाली, "आता सकाळी कोण उठवणार तिला?"

"घड्याळ."

तिचा हात डाव्यावर थांबला, तेवढाच. मग ती भात वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना जाग आली तेव्हा खिडकीत अजून काळोख होता. काही काम नव्हतं. कूस बदलून झोपायचं, इतकंच. वर्षभर ते तसंच झोपत होते, उन्हं येईपर्यंत, मेल्यासारखे. त्यांनी कूस बदलली. शेजारची गादी रिकामी होती. हात लावून बघितला. गार. केव्हाची गार.

स्वयंपाकघरात दिवा नव्हता. दारातून त्यांना ती दिसली. ओट्याला टेकून, पाटावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. गॅस पेटवलेला नव्हता, भांडं चढवलेलं नव्हतं. आवाज होऊ नये म्हणून काकणं तिने कोपरापर्यंत वर सारली होती.

काल चहा तयार कसा होता, हे त्यांना आत्ता उमगलं. आपण तर कुणाला सांगितलंच नव्हतं.

"अगं."

ती दचकली. "उठलात कशाला? काही पाडलं का मी?"

"तू रोज अशी बसतेस?"

"झोप उडते," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांची सवय. पडून तरी काय करायचं? तुमची मोडते झोप, कुशी बदलल्या की. म्हणून येऊन बसते. उजाडलं की लागते कामाला."

"वर्षभर?"

"आता काय मोजलंय का मी?"

मास्तर आत आले. दिवा लावला. फडताळावरून डबे काढले. उलट्या बाणाच्या फळीवरून आधी चहाचा, मग साखरेचा. दुधाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि काडी ओढली. ज्योत मोठी आली. ती त्यांनी खाली आणली, आणखी खाली, मुंगीच्या पावलाने, जिथे हवी तिथे येईपर्यंत.

"अहो, सरा. उतू जाईल, तुम्हाला नाही जमायचं ते." ती उठायला लागली.

"हात नको लावूस," मास्तर म्हणाले. "बस."

ती बसली. भांड्याच्या बाहेरून त्यांनी तळहात धरला. अजून थंड होतं. वेळ लागणार होता. ते तिथेच उभे राहिले, दुधाकडे बघत, आणि ती त्यांच्याकडे बघत, आणि तिने काकणं एकेक करून मनगटावर खाली सोडली.